घारीच्या नावात गोविंदा कुठून आला?

प्रश्न: आमच्या बिल्डिंगच्या टाकीवर रोज एक घार येऊन बसते. मुलाने मोबाइलवर तिचं शास्त्रीय नाव शोधलं तर ‘मिल्व्हस मायग्रान्स गोविंदा’ असं निघालं. आधी वाटलं कोणीतरी मस्करी केलीये. हे नाव खरं आहे का, आणि ठेवलं कोणी?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर: मस्करी नाही हो, अगदी खरं नाव आहे आणि ते ठेवणारा माणूस तुमच्याच भागात घोड्यावरून हिंडलेला आहे. विल्यम हेन्री साइक्स, ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेतला अधिकारी. १८१७ च्या खडकीच्या लढाईत हा पेशव्यांच्या विरुद्ध बाजूला होता, आणि सात वर्षांनी, १८२४ मध्ये, त्याच मुलखात त्याला आकडेवारी गोळा करायचं काम मिळालं. पुणे, नगर, खानदेश, धारवाड, गावोगाव जाऊन माणसं मोजा, पिकं मोजा, बाजारभाव लिहा. १८२९ मध्ये सरकारने ती पोस्टच बंद केली तर हा गडी फौजेतून रजा काढून काम पुरं करत बसला.

आणि हे चालू असताना पक्षी! तेव्हा दुर्बीण लावून टिपणं काढणं हा प्रकार नव्हता. पक्षी बघायचा म्हणजे बंदुकीने पाडायचा, कातडं सोलायचं, आत कापूस भरायचा, पायाला चिठ्ठी बांधायची. किडे लागू नयेत म्हणून त्या काळी आतून आर्सेनिकचा साबण चोळायचे, त्याचा फॉर्म्युला फ्रान्समध्ये १८०० च्या आसपास छापून आला आणि मगच कातडी वर्षानुवर्षं टिकायला लागली, नाहीतर लंडनला पोचेपर्यंत भुसाच व्हायचा. विषारी होता, पण ही सगळी म्युझियमं त्याच्यावरच उभी राहिली असं माझं मत.

साइक्सने १८३२ मध्ये लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीपुढे दख्खनच्या पक्ष्यांची यादी मांडली, जवळजवळ २३६ जाती. सोसायटी तेव्हा जेमतेम सहा वर्षांची. जे पक्षी नवीन वाटले त्यांना त्याने नावं दिली आणि तिथे त्याने आपले देवच काढले: घारीला गोविंदा, एका चंडोलाला देवा, एका वटवट्याला रामा, सह्याद्रीतल्या काळ्या बुलबुलाला गणेसा. जीवांना दोन शब्दांची शास्त्रीय नावं द्यायची पद्धत रुजवणाऱ्या लिनियसने फुलपाखरांना ग्रीक देवांची आणि वीरांची नावं दिली होतीच, साइक्सने फक्त देव बदलले. अर्थात साहेबांनाही खूश ठेवलं, मोठ्या राखी सातभाईला त्याने मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याचं नाव दिलं.

एका रातव्याला, म्हणजे रात्री उडणाऱ्या पक्ष्याला, तर त्याने ‘मराठेन्सिस’ केलं, म्हणजे मराठ्यांच्या मुलखातला. आता हा पक्षी मुळात सिंध-राजस्थानकडच्या कोरड्या रानातला, इकडे थंडीत येणारा पाहुणा! पण नमुना इथे मिळाला ना, मग शिक्का इथला. तेव्हाचं शास्त्र असंच चालायचं. घार काय आपल्या आजीलाही माहीत होती, ‘घार हिंडते आकाशी’ म्हणणाऱ्याला कोणा सोसायटीची परवानगी लागली नाही, पण लंडनमध्ये छापून आलं तेव्हाच ती ‘सापडली’ असं धरलं. तरी साइक्सला मी त्यातल्या त्यात जास्त मार्क देईन, कारण त्याच्या आधीच्या जॉन लॅथम या इंग्रज पक्षीशास्त्रज्ञाने १८०१ मध्ये एका सुतार पक्ष्याला असंच ‘मराठेन्सिस’ नाव देऊन टाकलं होतं आणि हा लॅथम भारतात कधी आलाच नव्हता.

साइक्सच्या मते आपली घार स्वतंत्र जात होती. पुढे तिला युरोपातल्या घारीचीच उपजात ठरवलं, म्हणून नाव तीन शब्दांचं झालं आणि गोविंदा शेपटीला राहिला. मुलाला सांगा, थंडीत टाकीवर जरा मोठी घार दिसली, पंखाखाली ठळक पांढरट डाग असलेली, तर नीट बघ. ती बहुतेक उत्तरेकडून आलेली लिनिएटस, म्हणजे घारीची दुसरी उपजात, गोविंदा नव्हे.