'गांभीर्यपूर्वक' म्हणजे नेमके कसे?

प्रश्न असा आला आहे: मंत्र्यांच्या शपथेत 'गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो' असे शब्द येतात. पण रोजच्या वाचनात 'प्रकृती गंभीर', 'गंभीर जखमी', 'गंभीर गुन्हा' हेच भेटत असल्यामुळे 'गांभीर्यपूर्वक' म्हटले की चेहरा पाडून उभा असलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. मग हा शब्द इथे चुकला आहे का? आणि समारंभात जो भाव अपेक्षित असतो, त्याला मराठीचा स्वतःचा शब्द कोणता?

शब्द चुकलेला नाही. 'गंभीर'चा मूळ अर्थ खोल. आधी पाणी गंभीर, मग आवाज गंभीर, मग स्वभाव. मेघगंभीर आणि धीरगंभीर या शब्दांत तो अर्थ अजून शाबूत आहे. दुखणे गंभीर होते तेही याच वाटेने: ते वरवरचे राहिले नाही, आत उतरले. वृत्तपत्रांनी हा शेवटचा अर्थ इतका वापरला की बाकीचे झाकले गेले. 'पूर्वक' जोडल्यावर होणारे शब्दही पाहावेत. बुद्धिपूर्वक, श्रद्धापूर्वक, विधिपूर्वक. कृतीच्या आधी मनात काय होते आणि कृतीभर काय सोबत राहिले, ते हे शब्द सांगतात. त्यात चेहऱ्याचा संबंध नाही. चेहऱ्यासाठी मराठीकडे वेगळा आणि नेमका शब्द आहे, 'सुतकी'. लग्नाच्या मांडवात सुतकी चेहरा कुणाला खपत नाही, पण गांभीर्य तिथेही लागते. मंगलाष्टकांच्या शेवटी 'सावधान' म्हणतात ते त्यासाठीच. सावधान म्हणजे अवधानासह. हाच शब्द शाळेच्या मैदानावर राष्ट्रगीताआधी ऐकू येतो, आणि दोन्हीकडे मागणी एकच असते: आता जे होणार आहे त्यात पूर्णपणे हजर राहा.

आता शपथेकडे. संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत दोन पर्याय दिले आहेत. 'ईश्वरसाक्ष शपथ घेतो' किंवा 'गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो'. यातले 'गांभीर्यपूर्वक' फक्त दुसऱ्या पर्यायात आहे, आणि माझ्या मते ते तिथे असण्याला कारण आहे. पहिल्या पर्यायात साक्षीदार ठरलेला आहे. दुसऱ्यात देव साक्षीला नाही, म्हणून शब्दाचा सगळा भार बोलणाऱ्याने स्वतः उचलायचा आहे. 'मी हे पूर्ण जाणिवेने बोलतो आहे' हे त्याला मोठ्याने सांगावे लागते. ज्यांना हा पर्याय पहिल्यापेक्षा सौम्य वाटतो, त्यांच्याशी मी सहमत नाही.

उद्देशिकेत मात्र याच भावासाठी दुसरा शब्द आला आहे. शाळेच्या पुस्तकात आपण सर्वांनी वाचलेली उद्देशिका 'संकल्पपूर्वक निर्धार करून' असे म्हणते. मला हा शब्द फार मोलाचा वाटतो, कारण तो मराठी घरांत आधीपासून वावरतो आहे. साधी सत्यनारायणाची पूजा असली तरी आरंभी संकल्प सोडतात. त्यात काळ सांगायचा, स्थळ सांगायचे, आपले गोत्र आणि नाव सांगायचे, काय करणार आणि कशासाठी ते सांगायचे, आणि मग तळहातावरचे पाणी ताम्हनात सोडायचे. उद्देशिकेची रचना शेजारी ठेवून पाहा. 'आम्ही, भारताचे लोक' हे कर्ते, मग हेतू, मग दिवस 'सव्वीस नोव्हेंबर, १९४९', आणि शेवटी 'स्वतःप्रत अर्पण'. भाषांतर करणाऱ्यांच्या मनात हे साम्य होते की नाही, यावर माझा आग्रह नाही. पण मराठी कानाला तो साचा ओळखीचा वाटतो, आणि म्हणून 'संकल्पपूर्वक' तिथे उपरा वाटत नाही.

हे पाणी बोलीत किती दूरवर गेले आहे तेही पाहण्यासारखे आहे. 'त्या पैशांवर पाणी सोडले' असे आपण सहज म्हणतो. दान देताना हातावरून पाणी सोडले की वस्तूवरचा हक्क संपे, त्यातून हा प्रयोग आला. 'घरादारावर तुळशीपत्र ठेवले' हे त्याचेच भावंड. दरबारात कामगिरीचा विडा ठेवत, जो उचलेल त्याने ती पार पाडायची. म्हणून आजही आपण विडा उचलतो. खंडोबाच्या भक्तासाठी बेलभंडारा उचलून बोललेला शब्द म्हणजे शेवटचा शब्द. आणि 'मोठे दिव्य करावे लागले' म्हणताना आपल्याला आठवतही नाही की जुन्या न्यायदानात उकळत्या तेलातुपात हात घालून खरे-खोटे ठरवण्याला दिव्य म्हणत. या सगळ्या प्रयोगांत हाताने काहीतरी केले जाते, लोकांसमोर केले जाते, आणि केल्यावर मागे फिरता येत नाही. गांभीर्य कशात असते या प्रश्नाला मराठीने दिलेले उत्तर मला इथे दिसते. ते जड शब्दांत नाही, परत न घेता येण्यात आहे.

म्हणूनच अशा प्रसंगी ठरलेला मजकूर बदलायचा नसतो. डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईत मंत्रिमंडळाच्या विस्ताराच्या वेळी एका मंत्र्यांनी ठरलेल्या मजकुराबाहेरचे शब्द जोडले, तेव्हा राज्यपालांनी त्यांना पुन्हा शपथ घ्यायला लावली. जोडलेले शब्द चांगले की वाईट हा मुद्दाच नव्हता. लग्नाचेही तसेच. हिंदू विवाह कायद्याच्या सातव्या कलमानुसार, जिथे सप्तपदीचा विधी आहे तिथे सातवे पाऊल पडल्यावरच विवाह पूर्ण आणि बंधनकारक होतो. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले की आवश्यक विधी झालेच नसतील, तर नुसत्या नोंदणीच्या कागदाने हिंदू विवाह सिद्ध होत नाही. आपली भाषा हे आधीपासून जाणते. आपण लग्न 'लावतो', आणि ते 'लागते'. या छोट्या क्रियापदात दोन माणसे जोडली जाण्याचा क्षण पकडलेला आहे. निमंत्रणपत्रिकेवरच्या 'विवाह संपन्न होणार आहे' या शब्दांत तो क्षण सापडत नाही.

व्याकरणातही एक खूण आहे. शपथेतली क्रियापदे 'बाळगीन', 'राखीन', 'पार पाडीन', 'देईन' अशी आहेत. जुना नियम असा की प्रथमपुरुषी एकवचनी भविष्यकाळात सकर्मक धातूला 'ईन' आणि अकर्मकाला 'एन'. बोलण्यात आता 'करेन', 'पाळेन' सर्रास झाले आहे आणि त्यात काही बिघडत नाही. पण शाळेत रोज म्हटलेली प्रतिज्ञा आठवा: 'वडीलधाऱ्या माणसांचा मान ठेवीन आणि प्रत्येकाशी सौजन्याने वागेन.' एकाच वाक्यात दोन्ही रूपे, दोन्ही आपापल्या जागी. व्याकरणाचे पुस्तक न उघडता लाखो मुलांच्या तोंडी हा नियम बसला. नेमाने म्हटलेला मजकूर भाषा अशी जपून ठेवतो. शिवाय ही सगळी रूपे 'मी'ची आहेत. कुणी माझ्या वतीने प्रतिज्ञा करू शकत नाही.

इथे एक शंका रास्त आहे: मंत्र संस्कृतात, आणि म्हणणाऱ्याला अर्थ कळत नसेल, तर त्याला गांभीर्यपूर्वक कसे म्हणायचे? हा प्रश्न महाराष्ट्रात फार आधी आणि फार ताकदीने विचारला गेला. जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षअखेरीस भटजीवाचून लग्न लावून दाखवले. त्यांनी रचलेल्या मंगलाष्टकांत वधू आणि वर स्वतः बोलतात, एकमेकांकडून वचन मागतात, आणि तेही मराठीत. नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांनी आपल्या अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या त्या मराठीत, प्रत्येकाने स्वतःच्या तोंडाने म्हणायच्या. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानेही हेच तत्त्व धरले. विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदारांसमोर दोघांनी एकमेकांना पती-पत्नी म्हणून स्वीकारल्याचे सांगायचे, दोघांना समजेल अशा कोणत्याही भाषेत. संस्कृत मंत्रांचा नाद मला मनापासून आवडतो. तरीही नाद आणि जाणीव यांतली एकच निवडायची वेळ आली तर मी फुल्यांच्या बाजूला उभा राहीन.

आता लिहिताना काय वापरावे? लग्न, मुंज, प्राणप्रतिष्ठा यांसाठी 'विधिपूर्वक' किंवा 'यथासांग'. सांग म्हणजे स-अंग, कोणतेही अंग न गाळता. निर्धार आणि व्रतासाठी 'संकल्पपूर्वक'. साक्षीला कुणी नसताना स्वतःच्या शब्दावर उभे राहून केलेल्या कथनासाठी 'गांभीर्यपूर्वक'. शोकसभेच्या वृत्तात 'गंभीर वातावरणात' लिहिले तर तणाव होता की काय असे वाटते, तिथे 'भावगंभीर' बरा. कुणी एखादी सूचना मनावर घेतली असेल तर ती त्याने 'गांभीर्याने' घेतली. जखमी माणूस मात्र नुसता 'गंभीर जखमी', 'गंभीरपणे जखमी' नव्हे.

लेखनाचे दोन खुलासेही विचारले गेले आहेत. मधुरपासून माधुर्य, तसे गंभीरपासून गांभीर्य. 'भी' दीर्घच राहते, 'गांभिर्य' चूक. त्याला पुन्हा 'ता' लावून 'गांभीर्यता' करू नये, जसे 'सौंदर्यता' करत नाही. आणि एकटा शब्द 'विधी' असला तरी समासात तो मूळ ऱ्हस्व रूपात येतो: विधिपूर्वक, विधिवत, विधिमंडळ. 'शपथविधी'त तो शेवटी आहे म्हणून दीर्घ.