लोकअदालतीत कर्ज मिटलं, तरी सिबिलमध्ये ‘सूट फाइल्ड’ का दिसतं?

तुमची अडचण मला समजली ती अशी: बँकेने ठाणे कोर्टात दावा लावला, तुमच्याविरुद्ध हुकूमनामा (पैसे भरण्याचा कोर्टाचा निर्णय) झाला, पुढे लोकअदालतीत तडजोड होऊन तुम्ही पैसे भरले. आता दीड वर्षाने घरकर्ज मागायला गेलात, तर कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या सिबिलच्या रिपोर्टमध्ये ‘सूट फाइल्ड’, म्हणजे बँकेने दावा लावल्याची खूण, तशीच आहे. कोर्टाने सिबिलला कळवायला नको होतं का, असं तुम्ही विचारलंय.

कोर्ट कळवत नाही. कळवतं असं समजून मी दोन वर्षं घालवली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझं गोखले रोडजवळ झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान होतं. ते बसलं आणि कर्जाचे हप्ते थकले. समन्स गेलं कोपरीच्या जुन्या भाड्याच्या खोलीवर, आणि मी तोवर ऐरोलीला राहायला गेलो होतो. २०१७ मध्ये एकतर्फी हुकूमनामा झाला. मला पत्ता लागला तो थेट दरखास्तीची (हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी कोर्टात केलेल्या अर्जाची) नोटीस घेऊन बेलीफ दारात उभा राहिला तेव्हा. (कुणाला समन्सच मिळालं नसेल, तर कळल्यापासून ३० दिवसांत एकतर्फी हुकूमनामा रद्द करायचा अर्ज करता येतो. त्याच आठवड्यात वकील गाठा.) माझं देणं खरं होतं, त्यामुळे भांडण्यात अर्थ नव्हता. २०१९ च्या लोकअदालतीत बँकेने ४१ हजार सोडले, बाकी मी भरले. पॅनेलच्या सह्या आणि शिक्का असलेला तो कागद प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून कपाटात ठेवला आणि खरंच सुटल्यासारखं वाटलं.

२०२१ मध्ये घणसोलीच्या फ्लॅटसाठी अर्ज केला. कर्ज विभागातल्या मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. दुकानाचं जुनं खातं, त्यात ‘सूट फाइल्ड’, आणि ‘डेट रिपोर्टेड’च्या रकान्यात तडजोडीच्या आधीच्या महिन्याची तारीख. म्हणजे पैसे घेतल्यानंतर बँकेने त्या खात्याबद्दल एक अक्षरही पुढे पाठवलं नव्हतं. तुम्ही आधी हीच तारीख बघा. ती तडजोडीच्या आधीची असेल, तर माहिती पुढे गेलेलीच नाही. नंतरची असूनही ‘सूट फाइल्ड’ असेल, तर चुकीची गेली आहे.

आपल्याकडे क्रेडिट माहिती ठेवणाऱ्या कंपन्या चार: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क. २००५ च्या कायद्याखाली त्यांचं काम चालतं आणि कर्जाची माहिती त्यांना बँका आणि वित्तसंस्थाच देतात. हुकूमनामा स्वतः रिपोर्टात येत नाही, येते ती बँकेने लावलेली खूण. ती काढायची तर बँकेनेच काढायला हवी. बँकेने होकार दिल्याशिवाय सिबिलही बदल करत नाही. म्हणूनच सोसायटीचा वाद किंवा भाऊबंदकीचा दावा तिथे दिसत नाही. (तो कोर्टांच्या ‘ई-कोर्ट्स’ साइटवर नावाने सापडतो आणि काही बँका तिथेही बघतात, म्हणून निकालाची प्रत जवळ हवीच.) इंटरनेटवर ‘जजमेंट सहा वर्षं राहतं, महिन्याच्या आत भरलं तर निघतं’ असं वाचलं असेल, तर ते ब्रिटनचं आहे. अमेरिकेतल्या कंपन्यांनी तर जुलै २०१७ पासून दिवाणी निकाल रिपोर्टातून काढूनच टाकले. ते नियम इकडे लागू नाहीत.

आता तुम्ही काय करायचं. नुसतं शाखेत तोंडी सांगून काही होत नाही, हे मी चार चकरा मारून शिकलो. शाखेकडे आणि बँकेच्या नोडल (तक्रारी बघणाऱ्या) अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या. सोबत लोकअदालतीच्या निवाड्याची प्रत, भरल्याच्या पावत्या, नो ड्यूज सर्टिफिकेट आणि रिपोर्टचं ते पान जोडा. त्या पानावर कंट्रोल नंबर (रिपोर्टचा ओळख क्रमांक) असू द्या. मागणी नेमकी लिहा: ‘सूट फाइल्ड’ काढा, थकबाकी शून्य दाखवा, खात्याची स्थिती दुरुस्त करा. दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. तुमचं कर्ज मधेच एखाद्या एआरसीला (थकलेली कर्जं विकत घेणाऱ्या कंपनीला) विकलं असेल, तर हा अर्ज त्यांच्याकडेही द्या.

त्याच दिवशी क्रेडिट कंपन्यांच्या साइटवर डिस्प्यूट (नोंद चुकीची असल्याची तक्रार) टाका, त्याला पैसे लागत नाहीत. तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. हा नियम २६ एप्रिल २०२४ पासून आहे, माझ्या वेळी नव्हता. त्या ३० दिवसांतले २१ बँकेचे, बाकी कंपनीचे. तरीही हलले नाहीत, तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर लोकपालाकडे तक्रार करा. सप्टेंबर २०२२ पासून क्रेडिट कंपन्याही त्याच्या कक्षेत आल्या आहेत.

एक गोष्ट मात्र मनाला लावून घेऊ नका. ‘सूट फाइल्ड’ गेलं, तरी ‘सेटल्ड’ (पूर्ण रक्कम न भरता तडजोडीत मिटलं) हा शेरा राहील. बँकेने काही रक्कम सोडली असेल, तर तो शेरा चुकीचा नाही आणि डिस्प्यूट करून जाणार नाही. मी बँकेला लिहून विचारलं की सोडलेले ४१ हजार आता भरले तर खातं ‘क्लोज्ड’ दाखवाल का. त्यांनी लेखी हो म्हटल्यावरच भरले. जड गेलं, पण पुढच्या कर्जाच्या व्याजाचा विचार केला तर पटलं. तुमची सोडलेली रक्कम मोठी असेल, तर आधी हा हिशोब मांडा. ‘सिबिल क्लिअर करून देतो’ म्हणणाऱ्यांना मात्र एक रुपयाही देऊ नका. त्यांच्या हातात तुमच्यापेक्षा जास्त काही नाही.

अजून कुणाची तडजोड व्हायची असेल, तर तडजोडीच्या अटींमध्येच लिहून घ्या: शेवटचा हप्ता मिळाल्यापासून इतक्या दिवसांत बँक चारही कंपन्यांना कळवेल. पॅनेलसमोर हे एक वाक्य घालायला पाच मिनिटं लागतात, आणि लोकअदालतीच्या निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचंच बळ असतं. आणि कोर्टाबाहेर पैसे भरलेत, तर ते कोर्टात नोंदवा, दोघांच्या सह्यांची पुरसिस (कोर्टाला दिलेलं लेखी निवेदन) द्या. नाहीतर कागदोपत्री हुकूमनामा जिवंतच राहतो, आणि दरखास्त १२ वर्षांपर्यंत लावता येते.

माझ्या सिबिलमधली खूण पाच आठवड्यांत गेली. पण इक्विफॅक्समध्ये ती तशीच राहिली होती, आणि नंतर ज्या बँकेकडे गेलो ती नेमका इक्विफॅक्सचा रिपोर्ट बघत होती. तिथे परत डिस्प्यूट टाकला, परत थांबलो, फ्लॅटचं कर्ज २०२३ मध्ये मिळालं. चारही कंपन्या वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट देतात. चारही आजच उतरवून घ्या आणि अर्जात चारही नावं लिहा.