इंटर्नशिपसाठी रेझ्युमे: प्रोजेक्टच्या ओळी नीट लिही

'आव्हानात्मक संधीच्या शोधात' हे वाक्य आधी काढून टाक. त्याजागी नेमकं क्षेत्र लिही: एम्बेडेड फर्मवेअर, मोटर कंट्रोल, जे खरोखर करायचं असेल ते. सगळं एका पानात बसव.

खरी मेहनत प्रोजेक्टच्या ओळींवर घे. 'लाइन फॉलोअर रोबो बनवला' यातून काहीच कळत नाही. '8 आयआर सेन्सर, पीआयडी कंट्रोल, लूप दर 5 मिलिसेकंदांनी. मोटर सुरू होताना मायक्रोकंट्रोलर रीसेट व्हायचा, म्हणून त्याला वेगळा रेग्युलेटर आणि कपॅसिटर दिला' असं लिहिलंस की मुलाखतीतले प्रश्न तिथूनच निघतात. आणि ते निघायलाच हवेत! मोटर सुरू होताना करंट एकदम का वाढतो (तेव्हा बॅक ईएमएफ, म्हणजे मोटर फिरताना तिच्यात तयार होणारा उलटा व्होल्टेज, नसतो), पीआयडीमधली डेरिव्हेटिव्ह टर्म (चूक किती वेगाने बदलतेय ते पाहणारा भाग) नॉईज का वाढवते, हे कागदावर आकृती काढून सांगता आलं पाहिजे. ग्रुप प्रोजेक्टमध्ये तुझा वाटा वेगळा लिही; दुसऱ्याच्या कोडवर प्रश्न आला की गाडी तिथेच अडते.

दोन कॉलमचे टेम्प्लेट टाळ, अर्जांची छाननी करणारी सॉफ्टवेअर त्यातल्या ओळी कधीकधी उलटसुलट वाचतात. पीडीएफमधला मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाक, क्रम लगेच दिसेल.

इंटर्नशिप सुरू झाली की रोज चार ओळींची नोंद ठेव: काय मोजलं, आधी किती होतं, नंतर किती झालं. शेवटच्या आठवड्यात आठवायला बसलं की आकडे हाती लागत नाहीत. त्यातलं कंपनीबाहेर, म्हणजे रेझ्युमेत, काय लिहिता येईल, हे निघण्यापूर्वी मेंटरला विचारून घे.