सामायिक नोंदींत प्रत्येकाचा रंग वेगळा आणि कायम कसा ठेवायचा?

सहा जण एकाच नोंदीत लिहिता, त्यात दोघांचे रंग जवळजवळ सारखे येतात आणि दुसऱ्या दिवशी बदललेले असतात, ही तुमची अडचण. या दोन वेगळ्या भानगडी आहेत.

आधी रंग बदलण्याचं. ईथरपॅड (अनेकांनी एकाच वेळी लिहायचं ऑनलाइन पान) लेखकाला ओळखतं ते कुकीवरून, म्हणजे ब्राउझरमध्ये साठवलेल्या छोट्या खुणेवरून. कुकी पुसली, खाजगी विंडो उघडली किंवा मोबाइलवरून आलात, की त्याच्या लेखी तुम्ही नवा माणूस आणि रंगही नवा. तेव्हा प्रत्येकाने आपापला ठरलेला एकच ब्राउझर वापरायचा. सदस्यांच्या चिन्हावर टिचकी मारून नाव लिहा, शेजारच्या रंगीत चौकोनावर टिचकी मारा, रंग निवडून जतन करा. ‘लेखकांचे रंग पुसा’ या बटणापासून मात्र जपून राहा. मजकूर निवडलेला असेल तर तेवढ्याचेच रंग जातात, निवडलेला नसेल तर अख्ख्या पानाचे. मध्ये फक्त एक खात्रीचा प्रश्न येतो, आणि तो कोणी वाचत नाही.

गूगल डॉक्समध्ये कर्सरचा रंग आपल्याला निवडताच येत नाही. कोणी काय लिहिलं ते आवृत्ती इतिहासातच बघा.

स्वतःचं सॉफ्टवेअर लिहीत असाल, तर सारख्या रंगांचं मूळ बहुधा इथे असतं: यूजर आयडीचा हॅश (आयडीवरून गणिताने काढलेला मोठा आकडा) काढायचा, त्याला ८ ने भागायचं आणि बाकी उरेल तो रंग द्यायचा. दिसायला सुटसुटीत, पण ८ रंगांत ६ माणसं अशी टाकली तर निदान दोघांचा रंग एक निघण्याची शक्यता सुमारे ९२ टक्के! त्यापेक्षा प्रत्येकाला त्या नोंदीतला, ० पासून मोजत, पहिला मोकळा क्रमांक द्या आणि तो सदस्याच्या आयडीसोबत डेटाबेसमध्ये ठेवा. सत्रासोबत (म्हणजे एका वेळच्या लॉगिनपुरता) ठेवलात तर पुन्हा पहिलंच रडगाणं. माणूस बाहेर पडला तरी त्याचा मजकूर शिल्लक असेपर्यंत क्रमांक मोकळा करू नका.

आता क्रमांकावरून रंग काढायचा: क्रमांकाला १३७.५ ने गुणून ३६० ने भागा. उरलेली बाकी म्हणजे रंगचक्रावरचा अंश: ०, १३७.५, २७५, ५२.५, १९०, ३२७.५. मजकुरामागे फिका रंग, उजळपणा ८५ ते ९० टक्के, वर काळी अक्षरं. कर्सरला तोच अंश, पण गडद.

लाल-हिरवा फरक न दिसणारं कोणी असेल तर अंशांचा हा हिशोब सोडा आणि ओकाबे-इतो यांचे ८ रंग घ्या, ते अशा लोकांनाही वेगळे ओळखता यावेत म्हणूनच निवडलेले आहेत. त्यातला काळा वगळावा लागतो, अक्षरं काळीच असतात ना. म्हणजे उरले सात. आठवा सदस्य आला की रंगासोबत समासात नावाची आद्याक्षरं दाखवा. खरं तर ती पहिल्यापासूनच असू द्या, कृष्णधवल छपाईत तेवढीच कामाला येतात.