रेनेसाँस: प्रबोधन, पुनरुज्जीवन की आणखी काही?

प्रश्न असा आला आहे: युरोपातल्या रेनेसाँसला, म्हणजे साधारण चौदाव्या ते सोळाव्या शतकांतल्या कला-विद्येच्या बहराला, मराठीत कुणी ‘प्रबोधन’ म्हणतं, कुणी ‘पुनरुज्जीवन’, आणि हिंदीतून आलेलं ‘पुनर्जागरण’ही अधूनमधून दिसतं. यातलं बरोबर कोणतं? अठराव्या शतकातल्या एनलायटनमेंटलाही प्रबोधनच म्हणायचं का? आणि सोळाव्या शतकात ल्यूथरपासून सुरू झालेल्या ख्रिस्ती धर्मातल्या रिफॉर्मेशनला ‘धर्मसुधारणा’ हा शब्द पुरतो का?

आधी उत्तर सांगतो, मग कारणं. कालखंडाचं नाव म्हणून ‘प्रबोधनकाळ’ किंवा ‘प्रबोधनयुग’ ठेवावं. शाळेच्या पुस्तकांतून ते घरोघरी पोचलेलं आहे. अठराव्या शतकासाठी ‘ज्ञानोदय’ वापरावा. ‘पुनरुज्जीवन’ टाळावं. ‘धर्मसुधारणा’ चालेल. पण हे शब्द वापरताना एक गोष्ट विसरू नये: मूळच्या युरोपीय शब्दांचं तोंड मागे आहे आणि आपण योजलेल्या शब्दांचं पुढे. हा फरक ध्यानात नसला, तर त्या काळातली माणसं असं का वागली हेच कळत नाही.

‘रिनाशिता’, म्हणजे पुन्हा जन्म, हा इटालियन शब्द चित्रकार जॉर्जो वझारीने 1550 मध्ये छापलेल्या आपल्या कलावंतांच्या चरित्रग्रंथात वापरला. ग्रीक-रोमन कला ढासळली, लोपली आणि चित्रकार जोत्तोपासून फ्लॉरेन्सच्या परिसरात ती पुन्हा जन्माला आली, अशी त्याची मांडणी. अख्ख्या युगाचं नाव म्हणून फ्रेंच ‘रेनेसाँस’ रूढ झाला तो त्यानंतर तीनशे वर्षांनी. फ्रेंच इतिहासकार मिशलेने 1855 मध्ये आपल्या फ्रान्सच्या इतिहासाच्या एका खंडाला ते नाव दिलं, आणि 1860 मध्ये स्विस इतिहासकार बुर्कहार्टच्या इटलीवरच्या ग्रंथाने ते पक्कं केलं. नाव उशिरा आलं, तरी ‘काहीतरी हरवलेलं परत मिळतंय’ ही भावना मात्र त्या काळातल्या माणसांची स्वतःची होती. इटालियन कवी पेत्रार्काला 1345 मध्ये व्हेरोनात रोमन वक्ता सिसेरोची पत्रं सापडली, तेव्हा त्याने जवळजवळ चौदाशे वर्षांपूर्वी मेलेल्या सिसेरोलाच उलट पत्र लिहिलं. इटालियन विद्वान पोज्जो ब्रात्चोलीनी मठामठांतून जुनी हस्तलिखितं धुंडाळत हिंडला आणि 1417 मध्ये रोमन कवी ल्युक्रेशियसचं काव्य त्याच्या हाती लागलं.

फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नोव्हेला चर्चमध्ये चित्रकार मझाच्चोने 1427 च्या सुमाराला रंगवलेलं ‘त्रिमूर्ती’ हे भित्तिचित्र बघा. क्रुसावर ख्रिस्त, मागे परमपिता, खाली गुडघे टेकलेले दाते, आणि त्यांच्या वर चौकटीचौकटींचं अर्धगोल छत आत आत सरकत गेलेलं. सगळ्या रेषा बघणाऱ्याच्या डोळ्याच्या पातळीवर एका बिंदूत मिळतात, त्यामुळे सपाट भिंतीला खोली फुटल्यासारखी वाटते. हे यथार्थदर्शन त्या काळात नवंकोरं होतं. पण त्याने रंगवलेली कमान, खांब, छत हे सगळं प्राचीन रोमचं आहे. जुन्याकडे जातानाच नवं हाती आलं. हा ‘पुन्हा’ शब्दातून काढून टाकला की फक्त हुशार चित्रकारांची यादी उरते.

आता आपले शब्द. ‘प्रबोधन’च्या मुळाशी बुध् धातू आहे, अर्थ जागं होणं. कार्तिक शुद्ध एकादशीला विष्णू चार महिन्यांच्या झोपेतून उठतो म्हणून ती प्रबोधिनी. हा अर्थ धरला तर शब्द छान आहे. पण मराठीत गेल्या शंभर वर्षांत त्याला दुसरी धार आली. केशव सीताराम ठाकरे यांनी 1921 मध्ये ‘प्रबोधन’ पाक्षिक काढलं आणि ते पुढे प्रबोधनकार म्हणूनच ओळखले गेले. समाजप्रबोधन, कीर्तनातून प्रबोधन, मतदारांचं प्रबोधन: या सगळ्यांत कुणीतरी जागा असलेला माणूस दुसऱ्याला जागं करतो. म्हणून ‘युरोपातलं प्रबोधन’ असं वाचलं की पेत्रार्का, लिओनार्दो, मायकेलअँजेलो ही मंडळी लोकजागृती करत होती असं चित्र उभं राहतं. ते चुकीचं आहे. लिओनार्दोने ‘शेवटचं भोजन’ रंगवलं ते मिलानच्या स्फोर्झा ड्यूकसाठी, मायकेलअँजेलोने 1508 ते 1512 या काळात सिस्टीन चॅपलचं छत रंगवलं ते पोप दुसऱ्या ज्युलियससाठी. लोकांना शहाणं करण्याचा ध्यास अठराव्या शतकातल्या व्हॉल्तेअर-दिदेरो या फ्रेंच लेखकांच्या पिढीचा. तिला आपला आजचा ‘प्रबोधन’ नेमका बसला असता. पण शब्द आधीच सोळाव्या शतकाला दिला गेला आहे, म्हणून घोळ होतो. ‘काळ’ किंवा ‘युग’ जोडलं की तो विशेषनामासारखा वागतो आणि उपदेशाचा वास बराच कमी होतो.

‘पुनरुज्जीवन’ अर्थाने जवळचं, यात वाद नाही. तरी मी ते टाळतो, कारण महाराष्ट्रात या शब्दाने एक पक्ष घेतलेला आहे. रानड्यांनी 1897 मध्ये अमरावतीच्या सामाजिक परिषदेत पुनरुज्जीवन हवं की सुधारणा, हाच प्रश्न उभा केला आणि जुन्याच्या पुनरुज्जीवनाची भाषा करणाऱ्यांना विचारलं की नेमकं कोणत्या काळातलं जुनं परत आणायचं? तेव्हापासून ‘पुनरुज्जीवनवादी’ म्हणजे सुधारणेच्या विरुद्ध उभा असलेला, असा अर्थ मुरला आहे. जुन्या ग्रंथांकडे वळलेल्या एरास्मससारख्या डच पंडिताला तो शब्द लावणं अन्यायाचं होईल. ‘पुनर्जागरण’ हिंदीत शोभतं. मराठीत जागरण म्हणजे जागं राहणं, रात्र काढणं, खंडोबाचं जागरण घालणं. जागं होणं नव्हे.

प्रश्नाचा तिसरा भाग मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. ‘सुधारणा’ म्हटलं की मराठी कानाला पुढचं पाऊल ऐकू येतं. आगरकरांनी 1888 मध्ये पत्राचं नाव ‘सुधारक’ ठेवलं ते याच अर्थाने. लॅटिन ‘रेफॉर्मातिओ’ मात्र मूळ रूपावर परत आणणं. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरला नवा धर्म काढायचा नव्हता, पहिल्या ख्रिस्ती मंडळीचा धर्म परत हवा होता. आणि हे परत जाण्याचं हत्यार त्याला कुणी दिलं? भाषेच्या अभ्यासकांनी. शब्दांच्या वेडापायी केलेल्या कामाने पोपचं आसन हललं, याची दोन उदाहरणं सविस्तर देतो.

‘कॉन्स्टंटाइनचं दानपत्र’ म्हणून एक दस्तऐवज होता. चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइनने रोम आणि साम्राज्याचा पश्चिम भाग पोप सिल्व्हेस्टरला देऊन टाकला, असं त्यात लिहिलेलं. पोपच्या ऐहिक सत्तेला त्याचा मोठा आधार होता. 1440 मध्ये लोरेंझो वाल्ला या लॅटिनच्या पंडिताने तो बनावट असल्याचं दाखवलं. तेव्हा तो आरागॉनच्या अल्फोन्सोच्या पदरी होता आणि नेपल्सवरून अल्फोन्सोचं पोपशी भांडण चालू होतं, म्हणजे राजकीय निकड होतीच. पण पुरावे बहुतेक भाषेचे आहेत. दानपत्रात सम्राट म्हणतो की आम्ही हे आमच्या ‘सात्राप’ मंडळींच्या संमतीने ठरवलं. वाल्ला संतापून विचारतो, रोमच्या कारभारात सात्राप कुठून आले? हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. जुन्या इराणीतला तोच शब्द ग्रीकमधून लॅटिनमध्ये ‘सात्राप’ झाला आणि आपल्याकडे ‘क्षत्रप’. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या लेखांत नहपान क्षत्रप म्हणून येतो, आणि वर्तमानपत्रं आजही ‘प्रादेशिक क्षत्रप’ लिहितात. इराणी सुभेदाराचं हे पद रोमन सम्राटाच्या तोंडी बसत नाही, हे वाल्लाच्या कानाने टिपलं. दानपत्रात ‘डायडेम’ म्हणजे रत्नजडित सोन्याचा मुकुट असं धरलं आहे. वाल्ला सांगतो, डायडेम म्हणजे कापडी पट्टी. शिवाय कॉन्स्टँटिनोपल वसण्याआधीच त्याचा उल्लेख धर्मपीठ म्हणून कसा? दस्तऐवज प्रत्यक्षात आठव्या शतकातला होता. जर्मनीत उलरिख फॉन हुटेन या लेखकाने वाल्लाचा ग्रंथ छापून काढला आणि 1520 च्या सुरुवातीला तो ल्यूथरने वाचला. पोपविषयी त्याच्या मनात जो संशय होता, तो त्यानंतर फार कडवा झाला.

दुसरं उदाहरण एका क्रियापदाचं आहे. बायबलच्या नव्या करारात येशू म्हणतो, ‘मेटानोएइटे’. ग्रीकमध्ये याचा अर्थ मन पालटा. चर्चच्या लॅटिन बायबलमध्ये त्याचं ‘पेनितेंतियाम आजिते’ झालं होतं, आणि ‘प्रायश्चित्त घ्या’ असा त्याचा अर्थ लावला जात असे. मराठी माणसाला हा फरक समजावून सांगायला नको. पश्चात्ताप होतो, प्रायश्चित्त घेतात. एक आत घडतो, दुसरं कुणीतरी द्यावं लागतं. प्रायश्चित्त म्हटलं की धर्माधिकारी आला, त्याने ठरवलेला दंड आला, आणि त्या दंडातून सूटही आली. आपलं मराठी बायबल तिथे ‘पश्चात्ताप करा’ म्हणतं. वाल्लाने नव्या कराराच्या लॅटिन भाषांतरावर टिपा लिहिल्या होत्या. ते हस्तलिखित एरास्मसला 1504 मध्ये लूव्हेनजवळच्या एका मठात सापडलं आणि पुढच्या वर्षी त्याने ते छापलं. 1516 मध्ये त्याने बाझेलहून ग्रीक मूळ आणि आपलं लॅटिन भाषांतर शेजारीशेजारी छापलं, टिपांसह. अशा कामासाठी संत एकनाथांचा शब्द हाताशी आहे: 1584 मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरी ‘प्रतिशुद्ध’ केली. एरास्मसने नवा करार प्रतिशुद्ध करायला घेतला, असं बेलाशक लिहावं.

त्याच सुमारास रोममध्ये सेंट पीटरचं जुनं, कॉन्स्टंटाइनच्या काळातलं चर्च पाडून नवं बांधणं चालू होतं. 1506 मध्ये पायाभरणी झाली होती. त्या बांधकामासाठी पोप दहाव्या लिओने क्षमापत्रांची विक्री जाहीर केली. इथेही शब्द जपून वापरावा. सर्रास ‘पापमुक्तिपत्र’ लिहितात, पण चर्चच्या शिकवणुकीप्रमाणे त्याने पाप धुतलं जात नव्हतं, पापाबद्दलचा दंड माफ होत होता; ‘दंडमाफीपत्र’ जास्त नेमकं. टेटझेलसारखे विक्रेते मात्र हा फरक गिऱ्हाइकाला सांगत बसत नव्हते. 31 ऑक्टोबर 1517 रोजी ल्यूथरने त्याविरुद्ध 95 मुद्दे मांडले. त्यातला पहिलाच मुद्दा ‘पेनितेंतियाम आजिते’ या शब्दांवर आहे: प्रभूला श्रद्धावंताचं संपूर्ण आयुष्यच पश्चात्तापाचं हवं होतं. दुसरा मुद्दा लगेच सांगतो की हे शब्द पाद्र्याने द्यायच्या प्रायश्चित्ताबद्दल नाहीत. ग्रीक शब्दाचा खरा अर्थ आपण विद्वानांकडून शिकलो, हे त्याने 1518 च्या एका पत्रात मोकळेपणाने लिहिलं आहे. चित्रकला-वास्तुकला, भाषाशास्त्र आणि धर्म ही तीन वेगळी प्रकरणं पाठ्यपुस्तकात पडतात. त्या वर्षी ती एकाच कागदावर होती.

‘ह्यूमनिस्ट’साठी वापरल्या जाणाऱ्या ‘मानवतावादी’ या शब्दाबद्दलही सांगायला हवं, कारण तो सगळीकडे चुकीचा अर्थ पसरवतो. मूळ इटालियन ‘उमानिस्ता’ म्हणजे व्याकरण, वक्तृत्व, काव्य, इतिहास आणि नीतिशास्त्र शिकवणारा. दीनदुबळ्यांचा कळवळा हा अर्थ त्यात नाही. आपल्याकडे ‘मानव्यविद्या’ हा चांगला शब्द आहे, तेव्हा ‘मानव्यविद्येचा अभ्यासक’ म्हणावं. फ्लॉरेन्सचा राजकारणी लेखक माक्याव्हेली याच शाळेतला. पद गेल्यावर शेतघरी राहणारा हा माणूस संध्याकाळी चिखलाचे कपडे उतरवून दरबारी पोशाख चढवायचा आणि चार तास प्राचीन ग्रंथकारांशी बोलत बसायचा, असं त्याने 1513 च्या पत्रात लिहिलं आहे. त्याला मानवतावादी म्हटलं की वाचक गोंधळणारच.

राहिला ‘काउंटर रिफॉर्मेशन’, म्हणजे ल्यूथरच्या चळवळीला कॅथलिक चर्चने दिलेलं उत्तर. ‘प्रतिधर्मसुधारणा’ हा शब्द जीभ अडखळवतो आणि सुधारणेला विरोध एवढंच सुचवतो. 1545 ते 1563 दरम्यान ट्रेंटच्या परिषदेने पाद्र्यांच्या शिक्षणाचे आणि शिस्तीचे नियम कडक केले, ते सुधारणाच होते. म्हणून ‘कॅथलिक धर्मसुधारणा’ म्हणावं. तिचा एक धागा थेट मराठीपर्यंत येतो. 1540 मध्ये पोपची मान्यता मिळालेल्या जेझुइट संघाचा थॉमस स्टीफन्स हा इंग्रज 1579 मध्ये गोव्यात उतरला, मराठी शिकला, आणि 1616 मध्ये त्याचं ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ गोव्यातल्या राशोलला रोमन लिपीत छापून झालं.