पत्ता सांगताना जीभ अडखळते तेव्हा

"मॅडम, पत्ता खरा सांगू का?" सोलापुरात हा प्रश्न मला बरीच मुलं विचारतात. पूर्व भाग म्हटलं की तेलुगू विणकर, नई जिंदगी म्हटलं की मुसलमान; पत्त्यावरून माणसाची जात, भाषा, ऐपत ताडायची सवय इथे घरोघरी आहे.

सेटलमेंट, म्हणजे इंग्रजांनी 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींना ठेवलं ती जुनी वसाहत. त्या भागातली एक मुलगी माझ्याकडे सल्ल्यासाठी आली होती. (ओळख पटेल असे तपशील बदललेत.) बी. कॉम. झालेली, एका दुकानात हिशेब लिहायची. सोबतच्या मैत्रिणीला तिने सात रस्त्याजवळ राहते असं सांगितलेलं. मैत्रीण स्कूटीवरून सोडायची, ही सात रस्त्याला उतरायची आणि स्कूटी दिसेनाशी झाली की रिक्षा धरायची. आधीच्या नोकरीत गल्ल्यातले पैसे कमी भरले तेव्हा फक्त हिचीच पर्स उघडायला लावली होती. तेव्हापासून पैसे मोजताना हात थरथरायचे.

"माझ्यात आत्मविश्वासच नाही," ती म्हणाली. मला हे अजिबात पटलं नाही. जे सोसलं त्यातून आलेली ही भीती आहे, स्वभावातला दोष नव्हे. मी तिला घरच्या जाणत्यांशी बोलायला सांगितलं. आजीने सेटलमेंटमधल्या सक्तीच्या हजेरीच्या गोष्टी सांगितल्या. इंग्रजांनी 1871च्या कायद्याने अख्ख्या जमातींवर जन्मतः गुन्हेगार असा शिक्का मारला; सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं. तो कायदा 31 ऑगस्ट 1952ला रद्द झाला. "म्हणजे हे माझ्या आधीपासूनचं आहे," एवढंच ती म्हणाली, पण त्या दिवशी मान वर करून बोलली.

पत्ता लपवला म्हणून स्वतःला खोटारडं ठरवू नका, हे मी सगळ्यांनाच सांगते. कागदावर मात्र खराच लिहा. तोंडी कुणाला, कधी सांगायचं हे तुमचं तुम्ही ठरवा. सुरुवात भरवशाच्या एकाच माणसापासून करा.

तिने मैत्रिणीला सांगितलं. मैत्रीण चार दिवस जरा तुटक वागली, मग पुन्हा बोलायला लागली. आता दारापर्यंत सोडते. मालकाने अर्जावरचा पत्ता वाचलाय की नाही, तिला माहीत नाही. पुन्हा कधी झडतीची वेळ आली तर काय म्हणायचं, ते आम्ही मोठ्याने म्हणून घटवलं: "सगळ्यांच्या पर्स बघा, माझीही बघा. एकटीची दाखवणार नाही."