गणपतीला गर्दी, मंगळवारी कोणी नाही

प्रश्न : नवऱ्याच्या बदलीमुळे आम्ही गेल्या वर्षी पुण्याहून जर्मनीत, श्टुटगार्टजवळच्या बोब्लिंगेनला आलो. मी मूळची साताऱ्याची. पुण्यातली बँकेची नोकरी सोडावी लागली. चार वर्षांची मुलगी इथल्या बालवाडीत, म्हणजे किटात जाते. इथल्या मराठी लोकांच्या गणेशोत्सवाला मी मोठ्या हौसेने गेले, आरत्या म्हटल्या, पण घरी आल्यावर नेहमीपेक्षा जास्त रडू आले. नवरा म्हणतो, ‘इथे येऊनही आपलीच माणसे शोधायची तर पुण्यातच राहायचे होते, जर्मन लोकांत मिसळ.’ आपल्या माणसांची ओढ वाटणे हा पळपुटेपणा आहे का? आईला मी फोनवर सगळे छान आहे असेच सांगते.
— एक वाचक, बोब्लिंगेन

उत्तर : हा पळपुटेपणा नव्हे, हे आधी सांगून टाकते. उत्सवाहून परतल्यावर रडू का आले, ते मात्र नीट समजून घ्यायला हवे. उत्सवाला माणसे नटूनथटून येतात, तिथे ‘कशा आहात?’ या प्रश्नाला ‘मजेत’ याखेरीज उत्तर देण्याची सोय नसते, आणि हॉलची वेळ संपली की खुर्च्या आवरून सगळे आपापल्या गावी पांगतात. साताऱ्यात तुम्हाला आधार होता तो दुपारी वाटीभर आमटी घेऊन येणाऱ्या शेजारणीचा आणि न कळवता डोकावणाऱ्या मावशीचा. ती उणीव उत्सवाने भरून निघत नाही, उलट जास्तच जाणवते. मंडळांना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही, ओळखी तिथेच होतात. घरोबा मात्र गर्दीत जमत नाही.

तुमच्या भागात आपल्याकडची कुटुंबे शोधावी लागतील अशी स्थिती नाही. श्टुटगार्ट आणि मुंबई ही १९६८पासून भगिनी-शहरे आहेत. मर्सिडीजचा मोठा कारखाना तुमच्या शेजारच्या झिंडेलफिंगेनला आणि आपल्याकडे चाकणला, तर बॉशचे मुख्यालय गेर्लिंगेनला आणि कारखाना नाशिकला, त्यामुळे पुण्या-नाशिकची घरे तिकडे बरीच आहेत. त्यांतली एक-दोनच निवडा, आणि निवडताना घर जवळ आहे का आणि मुले एका वयाची आहेत का, एवढेच पाहा. ते कुटुंब मराठीच हवे असा हट्ट नको. हुबळीची किंवा इंदूरची शेजारीण तासाभराच्या अंतरावरच्या पुणेकर मैत्रिणीपेक्षा कितीतरी उपयोगाची.

सुरुवात जेवणाच्या आमंत्रणाने करू नका, असे मी मुद्दाम सुचवते. परदेशात अशी आमंत्रणे हळूहळू पदार्थांच्या स्पर्धेत जातात. एका घरी सात पदार्थ झाले की दुसरीला नऊ करावेसे वाटतात आणि मग दोघीही तीन-तीन महिने एकमेकींना बोलावत नाहीत. त्यापेक्षा मदत मागा. ‘कोणाला त्रास द्यायचा नाही’ या आपल्या वळणामुळे हे जड जाते, पण ज्याच्याकडे आपण काही मागितले त्यालाही पुढे आपल्याकडे मागण्याची मोकळीक मिळते. तुमच्याकडे घराचे दार नुसते ओढले गेले तरी बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाही, आणि रविवारी कुलूपवाल्याला बोलावणे खिशाला फार महागात पडते. तेव्हा एक जादा किल्ली त्या घरी ठेवा आणि त्यांची तुमच्याकडे घ्या. किटातून मुलाला घरी नेण्याची परवानगी कोणाकोणाला आहे, हे पालकांना लेखी द्यावे लागते. तिथे सहसा आई-वडिलांचीच नावे असतात, आणि मुलीला अचानक ताप आला, त्याच वेळी तुम्ही दंतवैद्याच्या खुर्चीत असलात, तर पंचाईत होते. त्या यादीत मैत्रिणीचे नाव घाला. माझ्या मते घरोबा खरा सुरू होतो तो इथे.

दुसरे, आठवड्यातली एक साधी संध्याकाळ ठरवून टाका, मंगळवार म्हणा. डिसेंबरात तुमच्याकडे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि संध्याकाळी सहाला घर खायला उठते तेव्हा साताऱ्यात रात्रीचे साडेदहा वाजून आई झोपलेली असते. हिवाळ्यातला हा साडेचार तासांचा फरक फोनने भरून निघत नाही. मुले खेळतील, वरणभाताचा कुकर लावाल, आणि फारच उत्साह आला तर तिकडच्या क्वार्कमध्ये, म्हणजे चक्क्यासारख्या मऊ चीजमध्ये, साखर-वेलची घालून श्रीखंड कराल. चक्का बांधायचीही गरज नाही. अंगावर घरचेच कपडे असावेत आणि पसारा आवरलेला नसला तरी चालावे.

एक धोकाही सांगते. आपल्याच लोकांत पगार, कायम वास्तव्याचा परवाना, कोणी घर घेतले, कोणाचे मूल किती भाषा बोलते, याच गप्पा चालतात अशीही घरे असतात, आणि तिथून परतताना मन आणखी खट्टू होते. दोन-तीन भेटींत हे कळते. अशा ठिकाणी सणावारी भेटावे, मंगळवारी जाऊ नये.

तुमच्या यजमानांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. मात्र त्यांना ऑफिसात दिवसभर जर्मन सहकारी मिळतात, तुम्हाला दिवसभर घराच्या भिंती. त्यामुळे ‘मिसळ’ हा सल्ला देणे त्यांना सोपे जाते, हे त्यांना शांतपणे सांगा. गावच्या फोल्क्सहोखशुलेमध्ये, म्हणजे प्रौढांच्या शिक्षण केंद्रात, जर्मनचे वर्ग असतात, तिथे मैत्रिणीबरोबर नाव घाला. भाषा आली की नोकरीचीही वाट मोकळी होईल, आणि बँकेतला अनुभव असताना तो विचार तुम्ही लांबवू नये असे मला वाटते.

आईपासून सगळेच लपवू नका. तुमचा आवाज तिला कळतो. न सांगितल्याने तिची काळजी कमी होत नाही. ‘संध्याकाळी करमत नाही, पण मंगळवारी अमुक घरी जाते’ एवढे सांगितले तरी पुरे. मात्र झोप किंवा भूक दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडलेली असेल, रोजच रडू येत असेल, तर केवळ मैत्रीवर विसंबू नका. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांची वेळ घ्या, आणि जर्मनमध्ये सांगणे अवघड वाटत असेल तर सोबत मैत्रिणीला न्या.